पहिला आला, म्हणून काय झाले?

दारात उभा राहून घाई करणाऱ्या माणसाला आपण विचारतो, "घोड्यावर बसून आलास का?" हा वाक्प्रचार ज्याने रूढ केला त्याने घोडेस्वार पाहिला असेल, पण घोड्याकडे नीट पाहिले नसावे. कारण घाई स्वाराला असते, घोड्याला नसते. मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी घोड्यावर बसलो आणि घाई न करणे शिकलो. तेही सुखासुखी शिकलो नाही. त्याची किंमत एका मुक्या जनावराने मोजली. ती हकिगत आज सांगायची आहे आणि तिच्या निमित्ताने थोडे भांडायचेही आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर भांडण बरे नव्हे, हे मला कळते. पण या सणाची पहिली पणती आपण वसुबारसेला गाईवासरापुढे लावतो. तेव्हा जनावरांच्या वतीने दोन शब्द बोलायला याहून चांगला मुहूर्त कोणता?

भांडण सुरू झाले ते आमच्या दादांच्या ओसरीवर. दादा म्हणजे माझे मावसभाऊ. पुणे जिल्ह्यात शेती करतात आणि बैलगाडा शर्यतीच्या नादापायी अर्धी शेती विकावी लागली तरी हसत विकतील. मी बरीच वर्षे कॅलिफोर्नियात नोकरी केली. गेल्या खेपेस गावी गेलो तेव्हा तिकडच्या घोड्यांचा विषय निघाला. मी म्हटले, "दादा, तिकडे घोडेस्वारांची एक स्पर्धा असते. तिच्यात वेळेआधी पोहोचणाऱ्याचे गुण कापतात."

दादांनी पानाचा डबा खाली ठेवला. "लवकर येणाऱ्याचे कापतात? मग ती स्पर्धा कसली? सहल म्हण!"

ओसरीवरचे सगळे हसले. मीही हसलो, पण ते हसू घरी आणून मी रात्रभर चघळत बसलो. दादांना जे उत्तर द्यायचे होते ते असे आहे.

ही स्पर्धा म्हणजे काय, ते आधी सांगतो. 1961 साली कॅलिफोर्नियात 'नॉर्थ अमेरिकन ट्रेल राइड कॉन्फरन्स' नावाची संस्था निघाली, तिने या प्रकाराला शिस्त लावली. डोंगरातली, रानातली वीस-तीस मैलांची वाट खुणांनी आखून देतात. ती किती वेळात पुरी करायची याला वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा असतात. वरची मर्यादा ओलांडली तर गुण जातात, आणि खालच्या मर्यादेच्या आत घोडा दामटून आणला तरीही जातात. वाटेत ठरावीक ठिकाणी थांबे असतात. तिथे घोडा दहा मिनिटे उभा करतात आणि मग त्याची नाडी व श्वास मोजतात. स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44 असते; चढण चढून आल्यावर ती कितीतरी वर जाते. तिचे वर जाणे हा दोष नव्हे. विश्रांती मिळाल्यावर ती किती लवकर खाली येते, हा प्रश्न असतो. ती उतरली नाही तर घोड्याला तिथेच आणखी थांबवून ठेवतात.

पशुवैद्याची तपासणी निराळी. तो हिरडी बोटाने दाबून सोडतो आणि पांढरा पडलेला ठसा पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते पाहतो. मानेची कातडी चिमटीत धरून सोडतो. ती लगेच सपाट झाली नाही तर अंगातले पाणी आटले असे समजतो. कुशीला नळी लावून आतड्यांचा आवाज ऐकतो, कारण दमलेल्या घोड्याचे पोट आधी गप्प होते. पाठीवरून बोटे दाबत नेऊन खोगिराखाली कुठे दुखते ते शोधतो. तंगाखाली कातडे सोलवटले आहे का हे पाहतो. शेवटी घोडा दुडक्या चालीने पळवायला लावतो आणि तो कोणता पाय राखून टाकतो का यावर नजर ठेवतो. घोड्याला गुण वेगळे आणि स्वाराला वेगळे. स्वाराचे परीक्षक तुम्ही रिकिबीत पाय कसा घालता, उतरणीवर घोड्याला मान मोकळी देता की नाही, इतकेच नव्हे तर मुक्कामी रात्री त्याला कसे बांधले, पाणी तोंडाशी ठेवले की नाही, हेही पाहतात.

आता माझी फजिती. आपल्याकडे पूर्वी स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. त्या हिशेबाने मी बारगीर. घोडी शेजारच्या एका वृद्ध बाईंची होती. अरबी रक्ताची, पांढुरकी, चौदा वर्षांची. तिचे कागदावरचे नाव लांबलचक होते. मी तिला चंद्री म्हणे. बाईंनी मला दोन वर्षे खोगीर कसण्यापासून खरारा करण्यापर्यंत सारे शिकवले आणि मग एके दिवशी आपण होऊन म्हणाल्या, "यंदा स्पर्धेला तू घेऊन जा तिला."

सिएरा नेवाडाच्या पायथ्याच्या टेकड्यांतली वीस मैलांची वाट होती. जून महिना. सकाळ गार, पण दहा वाजल्यापासून ऊन तापू लागले. पहिला थांबा आम्ही उत्तम पार केला. त्यानंतर एका वळणावर खुणेची फीत माझ्या नजरेतून निसटली, मैलभर भलतीकडे गेलो आणि परत आलो. घड्याळ पाहिले तेव्हा छातीत धस्स झाले. वेळ हातून चालली होती. पुढे एक ओढा लागला. चंद्रीने पाण्यात तोंड घातले. ती पीत होती, तिच्या गळ्यातून पाण्याचे घोट उतरताना दिसत होते. एवढ्यात मागून दोन स्वार आले आणि आम्हांला ओलांडून गेले.

मी लगाम ओढला.

एवढेच केले. चाबूक मारला नाही, टाच मारली नाही. पाणी पिणाऱ्या जनावराचे तोंड वर ओढले आणि त्याला चढणीला लावले. ती गेली. कुरकुर न करता, कान पुढे करून, दुडक्या चालीने तो सारा चढ चढून गेली. मला तर वाटले, काय जोरात आहे आज ही!

पुढच्या थांब्यावर दहा मिनिटांनी नाडी उतरली नाही. आणखी दहा मिनिटे थांबवले, तरी हवी तितकी उतरली नाही. पशुवैद्य आला. हिरडी कोरडी, कातडीची चिमटी उभीच्या उभी, एका कुशीत आवाज जवळजवळ नाही. त्याने माझ्या कागदावर रेघ मारली. आमची स्पर्धा संपली.

मी वाद घातला, हे सांगायला आज लाज वाटते. मी म्हटले, "चारच मैल उरले आहेत. ती जाईल."

तो म्हणाला, "जाईल की! तुम्ही सांगाल तर ती आठ मैलही जाईल. ती नाही म्हणणार नाही, म्हणून तर नाही म्हणायला मला इथे उभे केले आहे."

संध्याकाळी बाई गाडी घेऊन आल्या. माझ्याकडे न पाहता आधी त्यांनी घोडीच्या कुशीला कान लावला. ओली केलेली चारा-पेंड तिच्यापुढे धरली. चंद्रीने ती हुंगली आणि तोंड फिरवले. रात्री अकराच्या सुमारास तिने पाणी प्यायले आणि लीद टाकली, तेव्हा बाई खुर्चीवर बसल्या. मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

दादा, त्या वैद्याच्या वाक्यात माझे सारे म्हणणे आले. घोडा असो की बैल, धाव म्हटले की धावणे हे त्याच्या रक्तात आहे. 'त्यालाच पळायची हौस असते' हे तुमचे आवडते विधान खरे आहे. आणि नेमके म्हणूनच ते तुमच्या बाजूचे नाही. ज्याला 'पुरे' म्हणता येत नाही त्याच्या वतीने 'पुरे' म्हणणारा कोणी तरी हवा, आणि त्याच्या हाती अधिकार हवा. तो अधिकार मालकाकडे असून चालत नाही, कारण मालकाला बक्षीस हवे असते. मला तर बक्षिसाचीही आशा नव्हती. नुसते दोन अनोळखी स्वार पुढे गेले, एवढ्यावर माझा हात लगामाला गेला.

कोणी म्हणेल, हे सारे सुखवस्तू लोकांचे चोचले आहेत. तर इतिहास पाहू. 1892 साली जर्मन आणि ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यांनी बर्लिन व व्हिएन्ना यांच्या दरम्यान दौड लावली. अंतर साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक. पहिला आलेला ऑस्ट्रियन सरदार साधारण 71 तासांत पोहोचला. त्याचा जयजयकार झाला, आणि त्याचा घोडा लवकरच मेला. त्या शर्यतीत वीसहून अधिक घोडे गेले. ते स्वार काही अडाणी नव्हते. घोडदळात आयुष्य घालवलेले होते. घोड्यावर प्रेम नव्हते असेही नाही. पण मान होता तो आधी पोहोचण्याला. मान ज्याला, माणूस त्याच्या मागे जातो. घोड्याने त्याच्या मागे जायचे आणि मरायचे.

याउलट 1955 साली वेंडेल रोबी नावाच्या कॅलिफोर्नियातील गृहस्थाने काही साथीदारांसह टाहो सरोवराकडून ऑबर्न गावापर्यंत शंभर मैलांची वाट एका दिवसात घोड्यावरून पार केली. तिथूनच 'टेव्हिस कप' नावाची प्रसिद्ध दौड सुरू झाली. ही मात्र वेळेची शर्यत आहे. पहिल्या येणाऱ्याला चषक आहे. दादा, तुम्हांला आवडेल अशी! कडे, दऱ्या, भाजून काढणाऱ्या घळी आणि चोवीस तासांची मर्यादा. निघालेल्यांपैकी साधारण निम्मेच पोहोचतात. पण वाटेत ठिकठिकाणी पशुवैद्य उभे असतात, आणि जो घोडा पुढे जाण्याजोगा नाही तो तिथेच बाहेर पडतो. मग स्वार कोणीही असो. चोवीस तासांच्या आत धडधाकट घोड्यासह पोहोचणाऱ्या प्रत्येकाला चांदीचे बक्कल मिळते. आणि 1964 पासून तिथे आणखी एक चषक दिला जातो, 'हॅगिन कप'. पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासतात आणि ज्याची प्रकृती सर्वांत उत्तम त्याला तो देतात. तिकडची जाणती माणसे हा मान पहिल्या चषकाच्या तोडीचा मानतात. दौड संपल्यावर रात्र जाऊ द्यायची आणि सकाळी विचारायचे, की ज्याच्या पाठीवर बसून आलास तो कसा आहे? मला या प्रश्नाहून अधिक सुसंस्कृत प्रश्न क्रीडाजगतात आढळलेला नाही.

तिकडे सारे आलबेल आहे असे मात्र मी म्हणत नाही. वाळवंटी देशांत हाच खेळ सपाट मैदानावर आला, त्यात पैसा आला, आणि घोडे पाय मोडून पडू लागले. 2015 साली जागतिक अश्वक्रीडा महासंघाने संयुक्त अरब अमिरातीच्या राष्ट्रीय संघटनेला काही महिने निलंबित केले. 2018 साली अमेरिकेतील ट्रायन येथे जागतिक स्पर्धेतली दौड उकाड्यामुळे अर्ध्यावर रद्द करावी लागली. कित्येक घोड्यांवर उपचार करावे लागले आणि एक दगावला. नियमांचे पुस्तक जगभर एकच होते, पशुवैद्यही होते. तरी हे घडले. कारण नियम कागदावर राहतात आणि माणूस बक्षिसाकडे पाहतो. म्हणूनच माझा आग्रह आहे, की नियम बदलून भागत नाही; बक्षीस कशाचे, ते बदलले पाहिजे.

आता घरी येऊ. बैलगाडा शर्यतीवर 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. 2017 साली महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला, 2021 च्या डिसेंबरात शर्यतींना परवानगी मिळाली आणि 2023 च्या मे महिन्यात न्यायालयाने तो कायदा ग्राह्य धरला. या नऊ वर्षांत आपण दोन फळ्या करून भांडलो. एक फळी म्हणे, बंद करा. दुसरी म्हणे, ही आमची परंपरा. शहरातल्या प्राणिमित्रांनी बैल पाळणाऱ्याला कसाई ठरवले, आणि गावाने त्यांना 'तुम्ही कधी शेण उचलले आहे का?' असे विचारले. दोघांनाही मला एकच विचारायचे आहे: पळून आल्यानंतर बैल कसा आहे, यासाठी तुमच्यापैकी कोणी एक तरी बक्षीस जाहीर केले का?

बंदीवाल्यांशी माझा मतभेद आहे, तो सांगून टाकतो. काम नसलेले जनावर आपल्या देशात फार दिवस गोठ्यात राहत नाही. खेळ बंद केला म्हणजे बैल सुखी झाला, असे समजणाऱ्याने बाजाराच्या दिवशी बाजार पाहावा. जो जनावर राखतो, त्याला ते राखण्याचे कारण हवे. तेव्हा शर्यत राहू द्या.

पण परंपरावाल्यांनो, परंपरा म्हणता ना? तर ऐका. 1670 च्या दशकात चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवछत्रपतींनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात पराक्रमाच्या गोष्टी नाहीत. दाणा आणि वैरण यांचा हिशेब आहे. पावसाळ्यासाठी राखलेली वैरण आताच उडवलीत, तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, अशा अर्थाची त्यात ताकीद आहे. ज्या घोड्यांवर स्वराज्य उभे राहिले त्यांची काळजी घेणारा राजा वैरणीची पेंढी मोजत होता. आपण त्यांचे पुतळे उभारतो, पुढचे पाय उधळलेला घोडा त्यांच्याखाली देतो, आणि त्या पत्रातला घोडा, जो फक्त वेळेवर चारा मागतो, तो विसरतो.

आणखी एक परंपरा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. जू जिथे बसते तो बैलाचा खांदा हळद आणि लोणी लावून चोळतात. माझ्या आजोबांना मी हे करताना पाहिले आहे. ते नुसते चोळत नसत; बोटे दाबत दाबत पाहत असत, बैल कुठे दचकतो का? तो पशुवैद्य चंद्रीच्या पाठीवरून बोटे फिरवत होता तेव्हा मला आजोबांचा हात आठवला. अगदी तोच हात, तीच सावकाशी. तपासणी आपल्याकडे होती. आपण तिचा विधी केला, विधीचा सण केला, आणि सणाचा फोटो काढला. बोटे दाबून पाहणे मात्र मधल्या मध्ये गळाले.

म्हणून माझी सूचना साधी आहे आणि ती घाटातल्या बैलांना लागू आहे, त्यांच्यापुढे पळणाऱ्या घोडीला लागू आहे, आणि सारंगखेड्याच्या यात्रेत धावणाऱ्या घोड्यालाही लागू आहे. शर्यतीच्या नियमांत पशुवैद्याचा दाखला आहे, तो असू द्या. पण शर्यतीनंतरही तपासा. दुसऱ्या दिवशी सकाळी, मंडप उतरण्याआधी, पहिल्या दहा जोड्या पुन्हा उभ्या करा. खांदा पाहा, खूर पाहा, शेपटी पिरगळल्याची खूण आहे का पाहा, बैल वैरण खातो का ते पाहा. ज्याची जोडी सर्वांत धडधाकट त्याला पहिल्या क्रमांकाहून मोठे बक्षीस द्या. पहिल्याला मोटारसायकल देत असाल तर याला ट्रॅक्टर द्या! मग पाहा, पुढच्या वर्षी मालक बैलाला मारतो की चोळतो ते. उपदेशाने जे शंभर वर्षांत होणार नाही ते एका बक्षिसाने दोन हंगामांत होईल. दादा, तुम्ही घाटाच्या मंडळावर आहात. हे तुम्हांला करता येईल, मला येणार नाही.

'सहल' म्हणालात त्याचेही उत्तर राहिले. पुढच्या वर्षी बाईंनी चंद्री पुन्हा माझ्या हाती दिली. का दिली, ते मी विचारले नाही. त्या वाटेवर तसाच एक ओढा लागला. तिने पाण्यात तोंड घातले आणि मी लगाम सोडून बसलो. एक स्वार गेला, दोन गेले, पाच गेले. तेवढा वेळ गप्प बसून राहणे हे त्या वीस मैलांतले सर्वांत अवघड काम होते. सहलीत इतके अवघड काही नसते. तिने डोके वर काढले, ओले तोंड माझ्या गुडघ्याला पुसले, आणि मग आम्ही निघालो.

आम्ही मुक्कामी आलो तेव्हा आमच्या मागे तीनच स्वार होते, पण मर्यादेच्या आत आलो. संध्याकाळी निकाल वाचला. घोड्यांच्या गुणांत आमच्या वर्गात चंद्रीचा दुसरा क्रमांक आला. स्वारांच्या यादीत माझे नाव कुठेच नव्हते. बाईंनी ती फीत घेतली आणि तिच्या पागेच्या दारावर अडकवली. मला विचारले नाही, आणि मला ते मुळीच खटकले नाही.